विज्ञान-विचार : ‘नाहीं’ या उत्तराचें मोल

लग्नाच्या गडबडींत घरांतील एकादा दागिना दिसेनासा झाला म्हणजे काय होतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. चार माणसें चार दिशांस धांवतात. कोणी माजघरांत डोकावून ‘येथें नाहीं’ म्हणतो; कोणी जिन्याच्या पहिल्या पायरीवरूनच माळ्याकडे नजर टाकून ‘तेथेंही नाहीं’ असें सांगतो. परंतु घरांत एकादी वडीलधारी बाई अशी असते कीं, ती प्रत्येक ट्रंक खालीं उतरविते, तळाचीं लुगडीं झटकते, कोपरान् कोपरा दिवा धरून पाहते आणि मगच म्हणते, ‘माळ्यावर नाहीं.’ शब्द तेच. पण पहिल्या ‘नाहीं’ला कांहींच किंमत नसते आणि दुसऱ्या ‘नाहीं’वर सारें घर विश्वास ठेवतें. त्या माळ्याकडे मग पुन्हां कोणी फिरकत नाहीं. शोध पुढच्या खोलींत सरकतो.

या महिन्यांत आम्ही जी हकीकत सांगणार आहों ती अशाच एका दुसऱ्या प्रकारच्या ‘नाहीं’ची आहे. जिनीव्हा शहराजवळ, स्वित्झर्लंड व फ्रान्स यांच्या सरहद्दीखालीं, जमिनीपासून सुमारें १०० मीटर खोल, २७ किलोमीटर परिघाचें एक वर्तुळाकार भुयार आहे. त्यांतील ‘लार्ज हॅड्रॉन कोलायडर’ या यंत्रांत २०१० सालापासून प्रोटॉनांवर प्रोटॉन आपटून हजारों शास्त्रज्ञ अनेक नव्या कणांचा शोध घेत आले. त्यांपैकीं कांहीं जड बोसॉन असे होते कीं, ते असावेत असें एका अतिशय सुंदर उपपत्तीचें म्हणणें होतें. ते सांपडले नाहींत. हें ऐकून कोणीही विचारील कीं, मग इतका पैसा आणि इतकीं आयुष्यें व्यर्थच गेलीं ना? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर टाळूं नये असें आम्हांस वाटतें.

प्रथम ‘बोसॉन’ या शब्दाविषयीं. तो दिसावयास परका, पण त्याच्या पोटांत आपल्याच देशांतील एका अध्यापकाचें नांव आहे. १९२४ सालीं ढाका विद्यापीठांतील सत्येंद्रनाथ बोस यांनीं प्रकाशकणांची मोजदाद कशी करावी यासंबंधीं एक छोटासा निबंध लिहून तो आइन्स्टाइन यांजकडे धाडिला. आइन्स्टाइन यांस तो इतका पसंत पडला कीं, त्यांनीं स्वतः त्याचें जर्मन भाषांतर करून तो प्रसिद्ध करविला. त्या गणितानें ज्यांचें वर्तन समजतें अशा कणांस पुढें डिरॅक यांनीं ‘बोसॉन’ असें नांव दिलें. दुसऱ्या वर्गास इटालियन शास्त्रज्ञ फर्मी यांच्यावरून ‘फर्मिऑन’ म्हणतात. दोहोंचा भेद पंगतीच्या दृष्टान्तानें सहज ध्यानांत येईल. फर्मिऑनांस प्रत्येकीं स्वतंत्र पाट लागतो. एका पाटावर दोघे बसूं शकत नाहींत. बोसॉन मात्र एकाच पाटावर कितीही दाटीवाटीनें बसतात. इलेक्ट्रॉन हा फर्मिऑन. प्रकाशाचा कण हा बोसॉन. स्थूलमानानें असें म्हणतां येईल कीं, फर्मिऑनांनीं वस्तु घडते आणि बोसॉन त्या वस्तूंमधील बलांची देवघेव करितात.

बोसॉनांच्या या कुळांत एक निराळा सभासद आहे. १९६४ सालीं पीटर हिग्ज, तसेंच फ्रान्स्वा एंग्लेर व रॉबर्ट ब्राउट यांनीं अशी कल्पना मांडली कीं, साऱ्या अवकाशांत एक क्षेत्र भरून राहिलें असून मूलकणांस वस्तुमान येतें तें त्याच्यामुळें. या क्षेत्राचा कण म्हणजे हिग्ज बोसॉन. तो सांपडल्याचें ४ जुलै २०१२ रोजीं जिनीव्हा येथें जाहीर झालें. त्याचें वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारें १३३ पट भरलें, आणि २०१३ सालीं हिग्ज व एंग्लेर यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

येथें गोष्ट संपावयास हवी होती. पण खरी अडचण येथेंच सुरू होते. आधुनिक पदार्थविज्ञानाच्या मतें रिकाम्या दिसणाऱ्या अवकाशांतही नाना प्रकारचे कण क्षणमात्र उद्भवून लोपत असतात, आणि त्या सर्वांचा कांहीं ना कांहीं भार हिग्जच्या वस्तुमानांत मिळविला जातो. फर्मिऑनांचा भार खर्चाच्या बाजूस पडतो, बोसॉनांचा जमेच्या. या रकमा अवाढव्य असूं शकतात. शेवटीं शिल्लक दिसते ती मात्र अगदीं क्षुल्लक. एकाद्या पेढीच्या कीर्दींत दोन्ही बाजूंस कोट्यवधि रुपये लिहिलेले असावेत आणि बाकी निघावी चार आणे, तशांतला हा प्रकार होय. असा हिशेब पाहून कोणताही जुना कारकून म्हणेल कीं, हा निव्वळ योगायोग नव्हे. प्रत्येक खर्चास तंतोतंत जुळणारी जमेची एक रक्कम कोठें तरी असलीच पाहिजे.

‘सुपरसिमेट्री’ म्हणजे अतिसममिति, ही उपपत्ति नेमकें हेंच सांगते. प्रत्येक फर्मिऑनास एक बोसॉन जोडीदार आणि प्रत्येक बोसॉनास एक फर्मिऑन जोडीदार असला, तर एकाचा खर्च दुसऱ्याच्या जमेनें फिटतो. मॉस्को येथील गोल्फांड व लिख्तमान यांनीं १९७१ सालीं या कल्पनेचा पाया घातला आणि १९७४ सालीं वेस व झुमिनो यांनीं तिला सर्वमान्य रूप दिलें. जोडीदारांचें वस्तुमान तंतोतंत सारखें असतें तर ते केव्हांच दिसले असते. म्हणून ते अधिक जड असावेत असें मानावें लागलें. पण फारच जड असले तर हिशेब पुन्हां बिघडतो. यास्तव प्रोटॉनच्या सुमारें हजार पट वस्तुमानाच्या आसपास ते भेटतील अशी पुष्कळ विद्वानांची अपेक्षा होती, आणि जिनीव्हाचें यंत्र तेथपर्यंत पोंचणारें होतें.

या उपपत्तीचें आणखी एक भाकीत आहे आणि आजचा आमचा विषय विशेषेंकरून तेंच आहे. तिला एक हिग्ज क्षेत्र पुरत नाहीं. निदान दोन लागतात. कणांच्या एका गटाच्या वस्तुमानाचा भार एकानें उचलावयाचा आणि दुसऱ्या गटाचा दुसऱ्यानें, अशी ती वांटणी आहे. या दोन क्षेत्रांचे मिळून आठ घटक होतात. त्यांपैकीं तीन, बलांचे वाहक असे जे ‘डब्ल्यू’ व ‘झेड’ बोसॉन, त्यांस वस्तुमान देण्यांत खर्ची पडतात. बाकी उरले पांच. म्हणजे हिग्ज बोसॉन एक नव्हे, पांच असले पाहिजेत! त्यांतील सर्वांत हलका तो २०१२ सालीं सांपडलेला, असें मानिलें तरी त्याचे चार थोरले भाऊ उरतातच : दोन विद्युद्भाररहित, एक धन भाराचा व एक ऋण भाराचा. साध्यांत साध्या अतिसममित नमुन्याचें म्हणणें असें होतें कीं, धाकटा भाऊ प्रोटॉनच्या फार तर १४५ पटीपर्यंत जड असावा. तो १३३ पट निघाला. मर्यादा पाळली गेली. मग थोरले भाऊ कोठें आहेत?

ते शोधावयाचे कसे, हें जाणून घेणें मौजेचें आहे. असा जड कण जन्मतांच फुटतो. तो प्रत्यक्ष कोणासही दिसणें शक्य नाहीं. दिसतात त्या त्याच्या ठिकऱ्या. अंगणांत फुटलेल्या घागरीचे तुकडे जुळवून ती केवढी होती हें सांगावें, त्याप्रमाणें ठिकऱ्यांची ऊर्जा व दिशा मोजून मूळ कणाचें वस्तुमान काढावें लागतें. दोन थोरले भाररहित भाऊ ‘टाऊ’ नांवाच्या कणांच्या जोडींत फुटतील अशी मोठी आशा होती. टाऊ हा इलेक्ट्रॉनचाच वडीलबंधु. इलेक्ट्रॉनहून सुमारें ३५०० पट जड. पण तो स्वतःही सेकंदाच्या एक अब्जांश भागाच्या हजाराव्या हिश्शाहून कमी काळांत फुटतो, आणि त्याच्या तुकड्यांपैकीं न्यूट्रिनो हे कोणत्याही यंत्रास न जुमानतां निसटून जातात. अशा वेळीं जमाखर्चच कामीं येतो. आडव्या दिशेनें एका बाजूस जितका धक्का गेला तितकाच उलट बाजूसही गेला पाहिजे. तो भरला नाहीं, तर जी तूट दिसते ती निसटलेल्याची खूण समजावयाची.

यंत्रांत प्रोटॉनांचे थवे सेकंदास सुमारें ४ कोटी वेळां एकमेकांतून जातात. एवढें सारें जपून ठेवणें अशक्य. म्हणून पुढील अभ्यासासाठीं त्यांतील सुमारें हजारच प्रसंग निवडले जातात. त्यांतही खोट्या खुणांचा सुळसुळाट असतो. जुन्या ओळखीचा झेड बोसॉन हाही टाऊंच्या जोडींत फुटतो, आणि क्वार्कांचे झोत पुष्कळदां टाऊचें सोंग घेतात. म्हणून नेहमीच्या कणांमुळें किती जोड्या दिसाव्यात हें आधीं मोजून ठेवावयाचें, आणि त्याहून अधिक आढळल्या तरच नव्या कणाचा संशय घ्यावयाचा. आपल्याच इच्छेनें आपली नजर फसूं नये म्हणून पद्धति निश्चित होईपर्यंत महत्त्वाचे आंकडे झांकून ठेवण्याचाही प्रघात आहे. शिवाय ‘अ‍ॅटलास’ व ‘सीएमएस’ असे दोन संघ आपापल्या अजस्र उपकरणांनीं स्वतंत्रपणें तेंच काम करितात. सीएमएसच्या उपकरणांतील बाहेरचा ऊर्जामापक भाग मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था व पंजाब विद्यापीठ यांनीं बनविला, हें आमच्या वाचकांस ऐकून संतोष होईल.

एवढी खबरदारी कशासाठीं, हें एका प्रसंगानें चांगलें कळून येतें. १५ डिसेंबर २०१५ रोजीं दोन्ही संघांनीं आपापले आंकडे मांडले. प्रकाशकणांच्या जोड्या मोजतांना प्रोटॉनच्या सुमारें ८०० पट वस्तुमानाच्या ठिकाणीं दोघांसही एक उंचवटा दिसत होता. नवा जड बोसॉन! साऱ्या जगांत खळबळ उडाली. पुढील आठ महिन्यांत या उंचवट्याचा अर्थ लावणारे सुमारें ५०० निबंध लिहिले गेले. कोणी त्यास हिग्जचा थोरला भाऊ ठरविलें, कोणी आणखी कांहीं. ५ ऑगस्ट २०१६ रोजीं शिकागो येथील परिषदेंत सुमारें चौपट नवी सामग्री पुढें आली आणि उंचवटा मावळला. तेथें कांहींच नव्हतें.

मग तो दिसला कसा? हजार मुलांच्या शाळेंत प्रत्येक मुलानें दहा वेळां नाणें उडविलें, तर एकाद्या मुलास दहाही वेळां छाप पडण्याचा संभव बराच असतो. त्या एकाच मुलाकडे पाहणाऱ्यास चमत्कार वाटेल; साऱ्या शाळेकडे पाहणाऱ्यास वाटणार नाहीं. शास्त्रज्ञ तर शेंकडों ठिकाणीं उंचवटे शोधीत असतात. कोठें तरी दैवयोगानें एकादा उठणारच. म्हणून ‘शोध लागला’ असें म्हणण्यासाठीं त्यांनीं फार कडक नियम पाळिला आहे : केवळ योगायोगानें तसें दिसण्याचा संभव ३५ लाखांत एकाहून अधिक असतां कामा नये. २०१५ चा उंचवटा त्या कसोटीस उतरला नव्हता, आणि दोन्ही संघांपैकीं कोणींही तो शोध म्हणून जाहीर केला नव्हता. निबंधांचा पूर आला तो कसोटीची वाट न पाहणाऱ्या उत्साहाचा. त्या उत्साहास आम्ही हंसत नाहीं. तो नसता तर कोणी शोधावयासच निघालें नसतें. पण कसोटी नसती तर पाठ्यपुस्तकांत आज एक खोटा कण जाऊन बसला असता.

आतां थोरल्या भावांचा निकाल. २०१५ ते २०१८ या चार वर्षांची सारी सामग्री चाळून अ‍ॅटलास संघानें २०२० सालीं तो प्रसिद्ध केला. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. दोन हिग्ज क्षेत्रांच्या बळाचें परस्परांशीं जें गुणोत्तर, तें उपपत्तींत आधीं ठरलेलें नसतें. तें जितकें मोठें, तितके थोरले भाऊ टाऊंशीं अधिक सलगी करितात आणि तितके लवकर पकडले जातात. एका प्रचलित नमुन्यानुसार निकाल असा : थोरला भाऊ १००० अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे प्रोटॉनच्या सुमारें १०६६ पट जड असेल, तर तें गुणोत्तर ८ हून अधिक असणें शक्य नाहीं; तो १५०० अब्ज असेल, तर २१ हून अधिक असणें शक्य नाहीं. गुणोत्तर लहान असल्यास किंवा भाऊ याहूनही जड असल्यास तो अद्यापि दडून असूं शकेल. म्हणजे माळ्याचा एवढा भाग झाडून पाहिला, तेथें दागिना नाहीं. अमुक कोपरे राहिले आहेत. दिवा धरून बोललेल्या बाईचें ‘नाहीं’ तें हेंच.

या शोधाशीं महाराष्ट्राचें नातें केवळ उपकरणाचें नाहीं. १९५२ सालीं पुण्यांत जन्मलेल्या रोहिणी गोडबोले या हुजूरपागेच्या शाळेंतून व सर परशुरामभाऊ महाविद्यालयांतून शिकून पुढें मुंबईच्या आयआयटींत व अमेरिकेंत गेल्या. परत येऊन त्यांनीं मुंबई विद्यापीठांत आणि नंतर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत अध्यापन केलें. नवे कण असलेच तर कोलायडरांत त्यांच्या खुणा कोणत्या दिसतील, हें गणितानें आधीं सांगून ठेवणें हा त्यांचा आयुष्यभराचा उद्योग होता. अतिसममित कणांवरील एक मोठा ग्रंथ त्यांनीं मानुएल ड्रेस व प्रबीर रॉय यांच्यासह २००४ सालीं प्रसिद्ध केला. २०१९ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. २५ ऑक्टोबर २०२४ रोजीं त्या निवर्तल्या. त्या ग्रंथांत ज्या कणांची चर्चा आहे त्यांपैकीं अतिसममितीचा एकही जोडीदार तोंवर सांपडला नव्हता.

मग ते श्रम वायां गेले काय? आम्हांस तसें मुळींच वाटत नाहीं. खुणा कोणत्या हें आधीं कोणी काटेकोरपणें सांगितलें नसतें, तर यंत्रानें काय पाहावयाचें हेंच कळलें नसतें. आणि मग ‘दिसला नाहीं’ या वाक्यास अर्थही उरला नसता. ज्या उपपत्तीस चूक ठरण्याची सोय नाहीं, तिच्याविषयीं ‘नाहीं’ म्हणतां येत नाहीं आणि ‘होय’ही म्हणतां येत नाहीं. आपल्या आवडत्या कल्पनेची कसोटी आपणच तयार करून दुसऱ्याच्या हातीं द्यावयाची, यास मोठें धैर्य लागतें.

हा प्रश्न केवळ तत्त्वाचा नाहीं, पैशाचाही आहे. याच यंत्राची पुढील सुधारलेली आवृत्ति २०३० च्या सुमारास सुरू व्हावयाची आहे. आणि त्याही पुढें सुमारें ९१ किलोमीटर परिघाच्या नव्या भुयाराची योजना आंखलेली असून तिच्या पहिल्या टप्प्याचाच अंदाज सुमारें १५ अब्ज स्विस फ्रँकांचा आहे. ही रक्कम मुख्यतः सामान्य करदात्यांच्या खिशांतून यावयाची. भारतही २०१७ सालापासून जिनीव्हाच्या ‘सर्न’ संस्थेचा सहयोगी सभासद असल्यामुळें आपणांसही ही गोष्ट परकी नाहीं. आमचें मत असें कीं, अशा कामास पैसा द्यावा. पण ‘अमुक कण नक्की सांपडेल’ या वचनावर तो मागितला जाऊं नये. उपपत्ति सुंदर आहे म्हणून सृष्टीनें ती पाळलीच पाहिजे असें नाहीं. ‘आम्ही नीट पाहूं, आणि जें असेल तें सांगूं’ एवढेंच वचन शास्त्रज्ञ प्रामाणिकपणें देऊं शकतात. तेवढें पुरेसें मानावयास समाजानेंही शिकलें पाहिजे.

असो. एक गोष्ट आपल्या घरापुरती सांगून लेखणी आवरतों. शाळा-कॉलेजांतील मुलें प्रयोगवही लिहितांना पुष्कळदां कांट्यावर दिसलेला आंकडा न लिहितां पुस्तकांत असावयाचा तो लिहितात. कारण ‘उत्तर चुकलें’ तर गुण जातात, हें त्यांस आपणच शिकविलेलें असतें. आपला मुलगा वा मुलगी प्रयोगवही घेऊन बसलेली असतां तिच्यापाशीं क्षणभर बसावें आणि विचारावें, ‘पुस्तकांत काय आहे तें असूं दे, तुला काय दिसलें?’ तिनें जर ‘पुस्तकाप्रमाणें नाहीं दिसलें’ असें सांगितलें, तर रागावूं नये. तिला पुन्हां एकवार नीट मोजावयास लावावें. आणि तरीही तेंच उत्तर आलें, तर तेंच वहींत लिहावयास सांगावें.